साखळीची घडी

गेल्या खेपेस या सदरात जनुकांच्या लिपीविषयी चार गोष्टी सांगितल्या होत्या. त्या वाचून डिचोलीहून एका भगिनींनी पत्र धाडले आहे. त्या विचारतात : मनुष्याच्या जनुकांची अक्षरे २००३ साली वाचून पुरी झाली, क्षयरोगाच्या जंतूची तर त्याआधी, १९९८ सालीच झाली, असे आपण लिहिलेत, मग त्या जंतूवर नवे औषध निघण्यास इतका विलंब का? सबंध पोथी वाचून काढली आणि अर्थ मात्र लागला नाही, असा काही प्रकार झाला आहे काय?

प्रश्न वरवर साधा दिसतो. पण ज्या शास्त्रज्ञांनी ती अक्षरे वाचली, त्यांच्यापुढेही वाचन संपताच हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याचे उत्तर एकट्याने देण्याची माझी प्राज्ञा नाही. सुदैवाने पत्र आले त्याच आठवड्यात माझी भाची चार दिवसांसाठी मुरगावास आली होती. ती मुंबईतील एका संशोधनसंस्थेत प्रथिनांच्या संरचनेचा अभ्यास करते. ज्या यंत्राने करते, त्याच्या विद्येचे नाव ‘अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन’. नाव पुरते उच्चारीपर्यंत माणसास धाप लागते, म्हणून जगभर त्याला एन.एम.आर. म्हणतात, आपणही तसेच म्हणू. पत्र मी तिच्या हाती दिले. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, “मामा, ह्यांना लिहा की अक्षरे कळली, पण घडी कळली नाही. आम्ही सगळे त्या घडीच्या मागे लागलो आहोत.”

ही घडी म्हणजे काय, ते आधी पाहू.

जनुकांतील अक्षरे वाचून पेशी जे बनविते ते प्रथिन. ॲमिनो अम्लांचे वीस तऱ्हांचे मणी. ते एकापुढे एक ओवून झालेली साखळी म्हणजे प्रथिन. (ही साखळी डिचोली तालुक्यातील नव्हे, हे पत्रलेखिकेस सांगणे नलगे.) कोणता मणी कोणत्या मण्यानंतर येतो, हे जनुकांच्या अक्षरांवरून तत्काळ कळते. परंतु साखळी तशी लांबच लांब पडून राहत नाही. पेशीत ती आपोआप दुमडते, वेटाळते, आणि तिचा एक विशिष्ट घाट तयार होतो. प्रथिनाचे सारे कर्तृत्व ह्या घाटावर अवलंबून असते. अन्न पचविणारे प्रथिन, रक्तातून प्राणवायू वाहणारे प्रथिन, जंतूला औषध पचवू देणारे प्रथिन, ही सारी आपापल्या घाटामुळे आपापले काम करतात.

आपल्याकडे अबोलीची फाती करतात, तिचे उदाहरण घ्यावे. फाती हातात धरली तर सातवे फूल आणि एकेचाळिसावे फूल एकमेकांपासून वीतभर दूर असते. तीच खोप्याभोवती वेढून माळली की ती दोन फुले शेजारी शेजारी येऊन बसतात. जनुकांची लिपी आपल्याला फुलांचा क्रम सांगते; माळल्यावर कोण कोणाचा शेजारी झाला, हे ती उघडपणे सांगत नाही. औषधाचा रेणू मात्र माळलेल्या फातीच्या एखाद्या खोबणीत जाऊन बसावयाचा असतो. खोबण कोठे आहे हेच ठाऊक नसेल, तर औषध शोधणे म्हणजे काळोखात कुलूप चाचपणे.

तेव्हा घाट पाहावयाचा कसा? प्रथिनाचा रेणू इतका सूक्ष्म की प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाची तेथे मात्रा चालत नाही. जुना आणि भरवशाचा मार्ग क्ष-किरणांचा. त्यासाठी प्रथिनाचा स्फटिक बनवावा लागतो, आणि पुष्कळ प्रथिने स्फटिक व्हावयास तयारच होत नाहीत. काही महिनोन्‌महिने आर्जव करूनही दाद देत नाहीत. एन.एम.आर.ला स्फटिक नको. प्रथिन पाण्यात विरघळलेले असले म्हणजे झाले. पेशीतही ते तसेच ओलाव्यात असते.

चुंबक म्हटले की मला लहानपणची धक्क्याकडची तांबडी धूळ आठवते. डिचोली-सांगे भागातील खनिज बार्जींतून नदीने मुरगाव बंदरात येई आणि येथून बोटींत भरून बहुतांशी जपानास जाई, तो तो काळ. आम्ही मुले दोरीला बांधलेला नालाच्या आकाराचा लोहचुंबक त्या धुळीतून ओढीत नेत असू. घरी येईपर्यंत त्याला काळ्या कणांची दाढी फुटलेली असे. भाचीच्या प्रयोगशाळेतील चुंबक ह्या जातीचा नव्हे. पुरुषभर उंचीच्या पिंपासारखा तो दिसतो. आत विशिष्ट धातूच्या तारेचे वेटोळे द्रवरूप हीलियमात बुडवून ठेवलेले असते. तेथे शून्याखाली २६९ अंश सेल्सिअस इतकी थंडी. इतक्या थंडीत त्या तारेचा विजेला होणारा विरोध नाहीसा होतो, आणि एकदा आत सोडलेला प्रवाह पुन्हा वीज न पुरविता वर्षानुवर्षे फिरत राहतो. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातील चुंबकीय क्षेत्र ११.७ टेस्ला असते. गोव्याच्या भूमीवर होकायंत्राची सुई ज्या क्षेत्रामुळे वळते, त्याच्या ते अडीच लक्ष पटींहूनही अधिक आहे. जवळ जाण्यापूर्वी खिशातील किल्ल्या आणि मनगटातील घड्याळ बाहेर ठेवावे लागते.

आता हायड्रोजनाच्या अणूचे केंद्र, म्हणजे प्रोटॉन, हाही एक अतिसूक्ष्म चुंबकच आहे. मोठ्या क्षेत्रात तो फिरत्या भोवऱ्यासारखा डोलू लागतो, आणि त्याच्या डोलण्याची गती ठरलेली असते. बरोबर त्याच कंप्रतेच्या रेडिओलहरींचा क्षणिक टोला त्याला दिला की तो हलतो, आणि मग हळूहळू पूर्वस्थितीला येताना स्वतः अत्यंत क्षीण रेडिओलहर सोडतो. देवळातील घंटेवर टोला दिल्यानंतर नाद जसा विरत जातो, तसाच हा प्रकार. एका टोल्यासरशी हजार घंटा वाजल्या, तर कानाला तो कल्लोळच वाटेल; परंतु त्या कल्लोळातून प्रत्येक घंटेचा सूर वेगळा काढण्याची रीत गणितात आहे. १९६६ साली रिचर्ड अर्न्स्ट यांनी वेस्टन अँडरसन यांच्यासह ती ह्या कामी लावली. अर्न्स्ट यांना पुढे १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नाद क्षीण का, तेही सांगून टाकतो. दर दहा लाख प्रोटॉनांपैकी बहुतेक सारे एकमेकांचा परिणाम मारून टाकतात. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातसुद्धा जमेस उरतात ते चाळीसेक. एवढ्यांच्या कुजबुजीवर सारा डोलारा. म्हणून तर मोठा चुंबक लागतो, आणि एकच प्रयोग रात्रंदिवस चालू ठेवून पुन:पुन्हा तीच कुजबुज ऐकावी लागते.

हे तत्त्व फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी दोन निरनिराळ्या ठिकाणी १९४६ साली प्रयोगाने सिद्ध केले. परंतु रसायनशास्त्राला त्याचा उपयोग कळला तो १९५१ मध्ये, आणि तोही मद्यार्कामुळे. आपल्या काजूच्या फेणीत जो मद्यार्क असतो, तोच हा. त्याच्या एका रेणूत सहा हायड्रोजन : तीन एका टोकास, दोन मधल्या कार्बनावर, आणि एक प्राणवायूला चिकटलेला. सहाही प्रोटॉन एकसारखे, म्हणजे सूरही एकच यावयास हवा. आले तीन सूर, आणि त्यांच्या जोराचे प्रमाण तीनास दोनास एक. ज्याच्या शेजारी जसे अणू, तसा त्याचा सूर किंचित बदलतो, हे एकाच रेणूत इतक्या स्वच्छपणे तेव्हा दिसले. हा प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्डचा. तो प्रसिद्ध करणाऱ्या तिघांपैकी एक होते आपल्याकडचे श्री. श्री. धर्माधट्टी नव्हेत, धर्मट्टी. नाव नीट लक्षात राहावे म्हणून ही गफलत मुद्दाम नोंदवतो, कारण मी स्वतः पुष्कळ दिवस ते चुकीचे घेत असे. हे धर्मट्टी पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी एन.एम.आर.चे काम सुरू केले. आपल्या देशात ही विद्या रुजली ती अशी.

ह्या संस्थेचे नाव निघाले की मुरगावकराला थोडे थांबल्यावाचून राहवत नाही. आपल्या तालुक्यातील सांकवाळ हे धर्मानंद कोसंबी यांचे जन्मगाव; तेथे १८७६ साली ते जन्मले. त्यांचे चिरंजीव दामोदर, तेही १९०७ साली गोव्यातच जन्मलेले, होमी भाभांच्या बोलावण्यावरून ह्या संस्थेत गणिताचे अध्यापक झाले आणि १९६२ पर्यंत तेथे होते. इतिहासकार म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. परंतु त्याआधी, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असता, त्यांनी एक लहानसा निबंध लिहिला होता. तो १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय जनुकांचे नकाशे. दोन जनुके एकाच सूत्रावर जवळ असतील, तर पिढी बदलताना त्यांची ताटातूट क्वचित होते. दूर असतील तर वारंवार होते. ह्या ताटातुटीच्या प्रमाणावरून त्यांच्यातील अंतर काढावयाचे. हॉल्डेन यांचे सूत्र त्यासाठी आधीपासून होते. पण एका ठिकाणी सूत्र तुटून जोडले गेले की लगतच्या जागी पुन्हा तसे होणे कठीण होते, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती. कोसंबींनी ती धरली. त्यांचे सूत्र अजून वापरात आहे. भाताच्या वा गव्हाच्या जनुकांचा नकाशा करणारा संशोधक आजही अंतरे ‘कोसंबी’ सूत्राने मोजतो. माझ्या भाचीला हे ठाऊक नव्हते. सांकवाळवरून ती लहानपणापासून शेकडो वेळा गेली असेल.

कोसंबींनी अंतर मोजले ते साखळीच्या लांबीवरचे. भाची मोजते ते घडी पडल्यानंतरचे, आणि ती मोजण्याची खुबी अशी : दोन प्रोटॉन एकमेकांच्या अगदी जवळ आले की एकाचा क्षोभ दुसऱ्याला लागतो. जवळ म्हणजे किती? एका सेंटिमीटराचे दोन कोटी भाग केले तर त्यातील एका भागाच्या आत. अंतर दुप्पट झाले की परिणाम चौसष्ट पटींनी घटतो, म्हणून दूरच्यांची बडबड ऐकू येतच नाही. ऐकू येते ती केवळ शेजाऱ्यांची. सातवे फूल एकेचाळिसाव्याशी बोलते असे दिसले, की त्या ठिकाणी फाती वळली असली पाहिजे. अशा शेकडो-हजारो शेजारपणांची यादी केली, की ती सारी एकाच वेळी जमतील असा घाट संगणकाने शोधावयाचा. प्रथिनातील शेजारपणांचे हे सबंध जाळे एका प्रयोगात टिपण्याची रीत १९८० साली अनिल कुमार, अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूट्रिख यांनी स्वित्झर्लंडमध्ये दाखविली. अनिल कुमार हे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे. ह्याच अनिल कुमारांनी १९७५ साली अर्न्स्ट यांच्याबरोबर केलेले दुसरे एक काम आज इस्पितळातील एम.आर.आय. यंत्रांच्या मुळाशी आहे. म्हणजे गुडघा दुखतो म्हणून त्या बोगद्यात खडखडाट ऐकत पडणारा आपल्यातला प्रत्येक जण त्यांचा थोडा ऋणी आहे. व्यूट्रिख यांनी १९८५ साली एका लहान प्रथिनाचा संपूर्ण घाट स्फटिकावाचून काढला. पुष्कळांचा विश्वास बसेना. पुढच्याच वर्षी एका दुसऱ्या प्रथिनाचा घाट एका गटाने क्ष-किरणांनी आणि व्यूट्रिख यांच्या गटाने एन.एम.आर.ने स्वतंत्रपणे काढला. दोन्ही जुळले, आणि शंका मिटली. त्यांना २००२ चे नोबेल मिळाले.

मुंबईच्या संस्थेत १९८३ साली सबंध देशाच्या उपयोगासाठी ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र बसले. गिरजेश गोविल हे तेथील ह्या विद्येचे धुरीण. त्यांच्या गटाचे एक काम मला विशेष आवडते, कारण त्याचा संबंध आपल्या घरादाराशी आहे. आमांशाचा अमीबा आपल्याकडे पावसाळ्यात किती जणांना छळतो, हे सांगावयास नको. त्या अमीबात कॅल्शियम धरून ठेवणारे एक प्रथिन आहे. १३४ मण्यांचे, आणि कॅल्शियमाचे चार अणू धरणारे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आलोक भट्टाचार्य ह्या अमीबावर काम करीत होते, आणि घाट काढला मुंबईत, गोविल, के. व्ही. आर. चारी, हनुदत्त आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ह्याच संस्थेतील रामकृष्ण होसूर यांच्या गटाने साखळीवरून मण्यामागून मणी ओळखीत जाण्याची एक नवी, झटपट रीत दिली. ही ओळखपरेड म्हणजे ह्या धंद्यातील सर्वांत कंटाळवाणा भाग. हजार सूर ऐकू आले तरी कोणता सूर कोणत्या मण्याचा, हे आधी ठरवावे लागते. भाचीच्या तोंडून ऐकले की वर्षभर ती रोज सकाळी तेच ठिपके पाहत असे, आणि स्वप्नातही तिला ठिपके दिसत.

त्यासाठी प्रथिनाला आधी विशेष अन्नावर वाढवावे लागते. नेहमीच्या नायट्रोजनाचे आणि कार्बनाचे अणू ह्या कामी उपयोगी पडत नाहीत. त्यांचे किंचित जड भाऊबंद लागतात, आणि निसर्गात ते फार थोडे. शंभर कार्बनांत एखादाच. म्हणून प्रथिनाचे जनुक निरुपद्रवी जंतूत घालतात आणि त्या जंतूला जड नायट्रोजनाचा क्षार आणि जड कार्बनाची साखर, एवढ्याच आहारावर ठेवतात. दुसरे काही खावयास नसल्याने तो तेच खातो आणि प्रथिन त्याचेच बनवितो. कडक सोवळ्यातला स्वयंपाकच म्हणावा. ही साखर आपल्या वाण्याकडच्या साखरेच्या हजारो पट महाग असते. भाची म्हणते, तिचे मोजमाप करताना हात थरथरतो.

आता जीनोमांकडे वळू. एकेका प्रथिनासाठी वर्ष-दोन वर्षे जावयाची, आणि मनुष्याच्या जनुकांत प्रथिनांचे पाठ सुमारे वीस हजार. क्षयाच्या जंतूत चार हजारांच्या आसपास, मलेरियाच्या परजीवीत पाच हजारांहून अधिक. ह्या गतीने कैक पिढ्या लागल्या असत्या. तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस संरचनात्मक जीनोमिकी ही कल्पना पुढे आली. तिचे सूत्र असे की प्रथिनांनाही कुळे असतात. एका कुळातील माणसांची नाके जशी सारखी, तसे एका कुळातील प्रथिनांचे घाट सारखे. मग प्रत्येक कुळातील एकाचाच घाट नीट काढावा आणि बाकीच्यांचा त्यावरून अंदाज बांधावा. अमेरिकेत ह्यासाठी २००० सालापासून सरकारी खर्चाने मोठी योजना चालली. ती २०१५ मध्ये आटोपली. जपानने २००२ पासून पाच वर्षांत तीन हजार प्रथिनांचा संकल्प सोडला आणि योकोहामा येथे एन.एम.आर. यंत्रांची जणू वसाहतच उभी केली. आमच्या बंदरातून जपानास गेलेल्या खनिजाचे एखादे चिमूटभर लोखंड तेथल्या इमारतीत असेल काय, असा एक पोरकट विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

ह्या घाऊक कामात एन.एम.आर.ने एक वेगळीच चाकरी केली. एका विशिष्ट प्रयोगात प्रथिनाच्या जवळजवळ प्रत्येक मण्यामागे कागदावर एक ठिपका उमटतो. प्रथिन नीट घडी पडलेले असेल तर ठिपके पानभर सुटे सुटे विखुरतात. घडी विस्कटलेली असेल तर सगळे मध्ये गोळा होऊन चिखल होतो. हे कळावयास तास-अर्धा तास पुरतो. म्हणजे कोणत्या प्रथिनावर वर्ष खर्चावे आणि कोणते सोडून द्यावे, हा निवाडा आधीच करता येऊ लागला. आणखी एक गंमत अशी आढळली की जी प्रथिने स्फटिक होत नाहीत, त्यांतील पुष्कळशी एन.एम.आर.ला चांगली साथ देतात, आणि उलटही होते. दोन विद्यांत भांडण लावणाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली. मात्र एन.एम.आर.ची मर्यादाही सांगितली पाहिजे : साखळी दोनशे-अडीचशे मण्यांपलीकडे गेली की सूर लवकर विरतात, एकमेकांत मिसळतात, आणि काम अतिशय जिकिरीचे होते.

आणि मग २०२१ चा जुलै उजाडला. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने ‘आल्फाफोल्ड’ ह्या संगणकीय पद्धतीने मनुष्याच्या आणि आणखी वीस जीवांच्या प्रथिनांचे अंदाजी घाट सर्वांना खुले केले. त्यांत क्षयाचा जंतूही होता आणि मलेरियाचा परजीवीही. वर्षभरात ही संख्या वीस कोटींवर गेली. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलात त्यांचा वाटा होता. ही पद्धत शिकली कोठे? १९७१ पासून जगातील संशोधकांनी आपण काढलेला प्रत्येक घाट ज्या सार्वजनिक कोठारात ठेवला, त्या कोठारावर. संरचनात्मक जीनोमिकीने त्यात नवनव्या कुळांची भर घातली होती.

भाची तेव्हा तिच्या प्रबंधाच्या चौथ्या वर्षात होती. त्या रात्री तिने मला फोन केला होता. बोलली फारच थोडे. तिने आपल्या प्रथिनाचे नाव त्या कोठीत टाकले आणि क्षणात चित्र समोर आले. अडीच वर्षे तिने ज्यासाठी घालविली होती ते मधले अंग जवळजवळ जसेच्या तसे. “मामा, माझे काम संपले की हो,” एवढेच वाक्य मला आठवते. मी जी समजूत घातली असेल ती कोणीही वडीलधारा घालील तशीच असणार. तिचा उपयोग झाला नाही, हे मला त्याच वेळी कळत होते.

उपयोग झाला तो चित्राच्याच एका कोपऱ्याचा. आल्फाफोल्ड आपल्या अंदाजाबरोबर त्याचा भरवसाही रंगांनी सांगते. भाचीच्या प्रथिनाला शेवटी तीसेक मण्यांचे शेपूट आहे, आणि तेथे चित्रात नुसता एक सैल दोरा काढलेला होता. भरवसा अगदी कमी. तिने आपले जुने ठिपके पुन्हा काढले. मध्यभागी साचलेला जो चिखल तिने दोन वर्षे निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवला होता, तो ह्या शेपटाचा होता. त्याला ठरीव घाट नाहीच. ते सतत हलते. पण दुसरे एक प्रथिन पाण्यात मिसळताच त्यातील काही ठिपके जागा सोडतात, म्हणजे शेपूट त्या पाहुण्याला बिलगते. किती वेळा बिलगते, किती वेळात सोडते, हेही एन.एम.आर.ने मोजता येते. छायाचित्रात माणूस कसा दिसतो ते कळते, त्याची चाल कळत नाही. प्रथिनांतही चालीलाच पुष्कळदा महत्त्व असते. मनुष्याच्या प्रथिनांचा बराच मोठा भाग असा बिनघडीचा आहे. तिचा प्रबंध त्या शेपटावर झाला. मधल्या अंगाला त्यात एकच प्रकरण मिळाले. त्याबद्दल ती अजून हळहळते, आणि तिचे हळहळणे मला रास्त वाटते.

डिचोलीच्या भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अक्षरांपासून घाट, आणि घाटापासून औषध, ह्यांत किती अंतर असते? एक उदाहरण पक्के सांगता येते. रक्ताच्या एका कर्करोगावरील ‘व्हेनेटोक्लॅक्स’ हे औषध. पेशीला मरू न देणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील एकाचा घाट १९९६ साली क्ष-किरण आणि एन.एम.आर. अशा दोन्ही मार्गांनी निघाला. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टीफन फेसिक यांच्या गटाने अशी रीत प्रसिद्ध केली की प्रथिनाच्या पाण्यात लहान लहान रेणू घालावे आणि कोणता ठिपका हलतो ते पाहावे. जो हलला त्या मण्यापाशी तो रेणू जाऊन बसला. असे दोन लहान रेणू शेजारच्या खोबणींत बसलेले आढळले की त्यांना जोडून एक मोठा, घट्ट बसणारा रेणू बनवावा. ह्या मार्गाने निघालेल्या रेणूंच्या वंशातून, मध्ये पुष्कळ फसलेले प्रयत्न होऊन, ते औषध २०१६ साली अमेरिकेत मान्य झाले. म्हणजे घाट हाती आल्यापासून वीस वर्षे. क्षयाच्या जंतूचे आणखी दुखणे असे की तो सावकाश वाढतो, पेशींत दडून बसतो, आणि त्याच्या वेष्टनातून औषध आत शिरणेच कठीण. प्रथिनाची खोबण कळली तरी तेथवर पोहोचावयाचे राहतेच. पोथी वाचून झाली, भगिनी. अर्थ एकेका ओळीचा लागतो आहे.

हे सारे मी लिहून काढले तेव्हा भाचीने वाचून दोन ठिकाणी चुका दाखविल्या. त्या दुरुस्त केल्या आहेत. राहिलेल्या माझ्या. सोमवारी सकाळी त्यांच्या चुंबकात हीलियम भरावयाचा होता, आणि ते काम चुकवून चालत नाही, म्हणून ती रविवारच्या गाडीनेच मडगावहून गेली. डिचोलीचे पत्र तिने मागून घेतले आणि बरोबर नेले आहे.